कुत्रा काकूंना चावला, दावा काकांचाही : 'सहवास-हानी' म्हणजे नेमकं काय?

एक उदाहरण घेऊ. पुण्याचे काका-काकू सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला मुलाकडे आले आहेत. काकू ६२ वर्षांच्या, काका ६७. रोज संध्याकाळी जेवणाआधी दोघं तिथल्या एलिझाबेथ तळ्याच्या कडेनं एक फेरी मारतात. एके दिवशी परतताना एका घराचं गेट उघडं राहिलेलं, आतला कुत्रा बाहेर आला आणि काकूंच्या उजव्या हाताला, मनगटाच्या जरा वर चावला. टाके पडले, नस (मज्जातंतू) दुखावली, दोन बोटं बधिर झाली. मुलानं वकील गाठला. वकिलानं कुत्र्याच्या मालकाच्या विमा कंपनीला पत्र पाठवलं, त्यात दावे दोन होते. एक काकूंचा. दुसरा काकांचा, 'लॉस ऑफ कन्सॉर्शियम' या नावाचा.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच प्रश्न आला : काकांना तर कुत्रा चावलाच नाही, मग त्यांना कसले पैसे?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा मुलांकडे जाऊन-येऊन असणाऱ्या मराठी कुटुंबांना हा दावा ठाऊकच नसतो. ठाऊक असला तरी तो मागायला लाज वाटते. म्हणून तो मुळापासून समजून घेऊ.

शब्द एकदाच समजून घ्या

'कन्सॉर्शियम' आपण बातम्यांत कंपन्यांच्या किंवा बँकांच्या गटासाठी वाचतो. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ एकाच नशिबाचे वाटेकरी. नवरा-बायकोच्या बाबतीत कायदा त्यात प्रेम, सोबत, दिलासा, काळजी, आधार, मनाला उभारी देणं आणि शरीरसंबंध एवढं सगळं धरतो. मराठीत याला साहचर्य म्हणतात. या लेखात आपण 'सहवास' म्हणू आणि तो हिरावला गेला की 'सहवास-हानी'.

दोघं मिळून गोदरेजचं कपाट जिन्यावरून खाली आणत आहेत आणि तिसऱ्याच कुणाच्या चुकीमुळे एकाच्या हाताला मार बसला. त्याच क्षणी कपाटाचं वजन दुसऱ्याच्या अंगावर येतं. मार त्याला लागलेला नाही, पण भार त्याच्यावर आला आहे. सहवास-हानीचा दावा हा त्या दुसऱ्या माणसाचा, स्वतःचा दावा आहे. तो जखमी माणसाच्या वतीनं केलेला दावा नव्हे, आणि जखमी माणसाच्या पैशातून काढलेला वाटाही नव्हे.

ही कल्पना आली कुठून?

उगम फारसा गौरवाचा नाही. जुन्या इंग्लिश कायद्यात बायको ही नवऱ्याची, जसा नोकर मालकाचा. नोकराला कुणी जायबंदी केलं तर मालक नुकसान मागू शकत असे. त्याच धर्तीवर बायकोला इजा झाली तर तिची सेवा आणि सोबत बुडाली म्हणून नवरा दावा लावी. १६१९ च्या गाय विरुद्ध लिव्हसी या खटल्यात नवऱ्याला अशी भरपाई मिळाली होती. उलट बाजूनं, नवरा जायबंदी झाला म्हणून बायकोला काहीही मागता येत नसे.

मराठी वाचकाला ही विचारसरणी अनोळखी नाही. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रखमाबाईंना 'नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असं सांगितलं. बायकोच्या सहवासावर नवऱ्याची मालकी, हीच त्यामागची इंग्रजी कायद्याची समजूत होती.

अमेरिकेत हे चित्र पालटलं ते बायकांनी केलेल्या दाव्यांमुळे. १९५० मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या संघीय अपील न्यायालयानं हिटाफर विरुद्ध अरगॉन या खटल्यात बायकोलाही हा हक्क आहे असं मान्य केलं. कॅलिफोर्नियाला आणखी २४ वर्षं लागली. १९७४ च्या रॉड्रिग्ज विरुद्ध बेथलेहेम स्टील खटल्यात लग्नाला जेमतेम १६ महिने झालेला विशीतला नवरा कामावर ६०० पौंडांहून जड पाइप पडून जायबंदी झाला होता. बायकोनं नोकरी सोडून त्याची शुश्रूषा पत्करली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचाच १९५८ चा निकाल बाजूला सारला आणि नवरा-बायको दोघांनाही हा दावा समान पातळीवर दिला. इंग्लंडनं समानतेसाठी दुसरी वाट धरली. तिथे १९८२ च्या कायद्यानं नवऱ्याचाही हा दावा रद्द झाला.

आधी कुत्र्याचा मालक जबाबदार ठरला पाहिजे

काकांचा दावा स्वतंत्र असला तरी त्याचा पाया काकूंच्या इजेत आहे. काकूंना झालेल्या इजेला मालक जबाबदार ठरला नाही, तर काकांनाही काही मिळत नाही. म्हणून आधी कुत्र्याचा कायदा.

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचं कलम ३३४२ या बाबतीत कडक आहे. चावा सार्वजनिक जागी झाला असेल, किंवा जखमी माणूस खासगी जागेत कायदेशीरपणे गेलेला असेल, तर कुत्र्याचा मालक जबाबदार. कुत्रा याआधी कधी चावला होता का, तो चावरा आहे हे मालकाला ठाऊक होतं का, हे कुणी विचारत नाही. 'आमचा टॉमी आजवर कुणाला काही करत नव्हता' हा बचाव इथे चालत नाही. दात कातडीत घुसलेच पाहिजेत असंही नाही. जबड्यात पकडलं आणि त्यामुळे माणूस पडला, तरी तो चावाच.

काही फटी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. हे कलम फक्त चाव्याला आणि फक्त मालकाला लागू आहे. कुत्र्यानं लाडानं अंगावर उडी मारली, म्हातारा माणूस पडला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्यात चावा नाही. तिथे मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या बाबतीत हे अगदी संभवतं. कुत्रा फिरवायला नेणारा किंवा घरमालक यांच्यावरही हे कलम आपोआप लागू होत नाही. घरमालकाला भाडेकरूचा कुत्रा धोकादायक आहे हे प्रत्यक्ष ठाऊक होतं, असं दाखवावं लागतं. पशुवैद्य आणि कुत्रे सांभाळण्याचा धंदा करणारे यांनी तो धोका पत्करलेला असतो, असं न्यायालयं मानतात.

जखमी माणसाची स्वतःची चूक असेल, म्हणजे त्यानं कुत्र्याला डिवचलं असेल, तर तेवढा वाटा कापला जातो. काकूंची चूक २० टक्के ठरली, तर मालकाकडून काकांनाही ८० टक्केच मिळतात.

काकांना चार गोष्टी दाखवाव्या लागतात

इजेच्या वेळी वैध लग्न होतं. जोडीदाराला झालेल्या इजेला कायद्यानं दुसरा कुणी जबाबदार आहे. सहवास खरोखर कमी झाला. आणि तो त्या इजेमुळेच कमी झाला.

पहिली गोष्ट सोपी वाटते, पण आपल्याकडच्या जोडप्यांचं घोडं इथेच अडतं. भारतात वैध असलेलं लग्न कॅलिफोर्नियात वैध मानलं जातं. पण ७० च्या दशकात कार्यालयात किंवा दारात मांडव घालून झालेल्या कितीतरी लग्नांची नोंदणीच झालेली नाही. हिंदू विवाह कायद्यानुसार नोंदणी नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. तरीही समोरचा वकील कागद मागणारच. लग्नपत्रिका, सप्तपदीचे फोटो, दोघांची नावं असलेले पासपोर्ट हे सगळं एकत्र करून ठेवा. महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते आणि उशिराही करता येते. व्हिसाच्या निमित्तानं पुष्कळांनी ती केलेली असते, त्या दाखल्याची प्रत काढून घ्या.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना कॅलिफोर्नियात हा दावा नाही. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला. राज्याकडे रीतसर नोंदलेल्या जोडीदारांना मात्र नवरा-बायकोसारखेच हक्क आहेत.

मुलाचं काय? त्यानंच तर रात्री दवाखान्यात काढल्या, वकील शोधला. पण कॅलिफोर्नियात आईच्या इजेसाठी मुलाला आणि मुलाच्या इजेसाठी आई-वडिलांना सहवास-हानी मागता येत नाही. १९७७ च्या दोन निकालांनी ती दारं बंद केली. दाव्यांची साखळी कुठे तोडायची, हा न्यायालयाचा प्रश्न होता आणि रेघ लग्नाच्या नात्यावर ओढली गेली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ती रेघ कोती वाटेल. मलाही वाटते. पण कायदा तसाच आहे.

नेमकं काय मोजतात, आणि काय मोजत नाहीत?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू.

ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, न्यायाधीश जी लेखी सूचना देतात, तिच्यात सहवास-हानीची यादीच असते : प्रेम, सोबत, दिलासा, काळजी, मदत, संरक्षण, माया, मानसिक आधार, आणि शरीरसंबंधाचं सुख किंवा मूल होण्याची क्षमता. रक्कम ठरवायला पक्कं सूत्र नाही, ज्यूरीनं तारतम्यानं ठरवायचं असतं. त्याच सूचनेत काही गोष्टी धरू नका असंही बजावलेलं असतं. जखमी जोडीदाराचं बुडालेलं उत्पन्न, तुम्ही केलेली शुश्रूषा, आणि शुश्रूषेसाठी नोकरी सोडल्यामुळे तुमचा बुडालेला पगार.

या गोष्टी धरायच्या नाहीत याचा अर्थ त्या फुकट गेल्या असा नाही. काकूंचं बुडालेलं उत्पन्न आणि त्यांना लागणारी शुश्रूषा ही काकूंच्या स्वतःच्या दाव्यात येते. एकच खर्च दोनदा वसूल होऊ नये, एवढाच हेतू. म्हणून काका जर सांगू लागले की 'रोज मीच भांडी घासतो, मीच तिची वेणी घालतो, औषधं मीच देतो', तर समोरचा वकील शांतपणे म्हणेल की ही शुश्रूषा झाली, सहवास कुठे आहे?

सहवास कुठे आहे तो असा. काकूंना संध्याकाळ झाली की बाहेर पडायची भीती वाटते. ४० वर्षांत दोघं बरोबर फिरले नाहीत असे दिवस बोटांवर मोजण्याइतके. आता काका एकटे जातात किंवा जातच नाहीत. रात्री काकू दचकून उठतात, हात दुखतो म्हणून दुसऱ्या खोलीत झोपतात. पूर्वी दोघं सकाळचा चहा गॅलरीत बसून, पेपर वाचत घ्यायचे. आता काकू बोलतच नाहीत. बायकोच्या वेणीत नवऱ्याचा वेळ जातो ही शुश्रूषा झाली. वेणी घालताना चालणाऱ्या गप्पा थांबल्या, ही सहवास-हानी.

नोंद कशी ठेवायची

असे दावे पुष्कळदा पुराव्याअभावी ढिले पडतात, आणि पुरावा म्हणजे रोजची साधी नोंद. 'पत्नी फार दुःखी असते, आमचं जीवन उद्ध्वस्त झालं' यातून ज्यूरीला काहीच दिसत नाही. याउलट ही नोंद पाहा :

'१४ मार्च. सहाला फिरायला निघालो. कोपऱ्यावर कुत्र्याच्या पट्ट्याचा आवाज आला. ती जागच्या जागी थांबली, माझा दंड धरला. म्हणाली, परत चला. घरी येऊन न जेवता झोपली. या आठवड्यात हे तिसऱ्यांदा.'

तारीख, वेळ, काय झालं, पूर्वी काय व्हायचं, किती वेळा. एवढं पुरे. सुधारणा झाली तर तीही लिहा. फक्त वाईटच लिहिलेल्या वहीवर कुणाचा विश्वास बसत नाही. चाव्याआधीचे सहलींचे फोटो, नाटकाची तिकिटं, दोघांना नियमित भेटणारे शेजारी किंवा भजनी मंडळातल्या ओळखीच्या बायका हा सगळा पुरावा आहे. मात्र ही वही एक दिवस समोरच्या वकिलाच्या हाती पडू शकते. कुठली नोंद कशी ठेवायची हे आधी आपल्या वकिलाला विचारा.

चावा झाल्याबरोबर करायच्या गोष्टी वेगळ्या. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. डॉक्टरांना लगेच दाखवा, कारण हाताचा चावा वरून लहान दिसला तरी आत जंतू खोल जातात. जखमेचे फोटो काढा, पहिल्या दिवशी आणि पुढे दर आठवड्याला. चाव्याची खबर अ‍ॅनिमल कंट्रोलला (प्राण्यांच्या तक्रारी पाहणारं स्थानिक सरकारी खातं) किंवा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याला द्या. रेबीजची शंका मिटवायला कुत्रा १० दिवस वेगळा ठेवतात, आणि त्या निमित्तानं मालकाचं नाव-पत्ता सरकारी कागदावर येतो. पुढे हा कागद फार कामी येतो.

घाई का नको, आणि उशीर का नको

दुखावलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटाच्या जरा वरून बोटांच्या टोकापर्यंत २० सेंटिमीटर धरले, तर संवेदना परत यायला जवळपास ७ महिने लागू शकतात, आणि ती येईलच असं नाही. जखमेचा व्रण स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष लागतं. दुसऱ्या महिन्यातच तडजोड करून मोकळे झालात, तर बोटं कायमची बधिर राहिली हे कळण्याआधीच दावा संपलेला असतो.

दुसरीकडे मुदत आहे. कॅलिफोर्नियात इजेच्या दिवसापासून २ वर्षं, काकूंनाही आणि काकांनाही. विमा कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही. कुत्रा एखाद्या सरकारी संस्थेच्या ताब्यातला असेल तर आधी ६ महिन्यांच्या आत त्या संस्थेकडे लेखी दावा द्यावा लागतो. काका-काकू व्हिसा संपून पुण्याला परतले तरी खटला चालू राहू शकतो. जबानी व्हिडिओवरून घेण्याची सोय आहे. पण परतण्याआधी तिथल्या डॉक्टरांचे सगळे कागद हातात घेऊन जा.

पैसे कोण देतं?

बहुतेक वेळा मालकाची घराची विमा पॉलिसी, किंवा भाडेकरू असेल तर त्याची पॉलिसी. तिच्यात दायित्वाचा, म्हणजे दुसऱ्याला झालेलं नुकसान भरून देण्याचा, भाग असतो. त्याची मर्यादा साधारणपणे १ लाख ते ३ लाख डॉलर असते. ही मर्यादा एका घटनेला एक अशी असते, माणशी नाही. काका-काकूंचे दोन्ही दावे एकाच घटनेतून आले, म्हणजे दोघांना मिळून तेवढंच. काकूंची बिलं आणि वेदना यांतच ती मर्यादा संपत असेल, तर काकांच्या दाव्यानं एकूण रक्कम वाढत नाही. मालकाची स्वतःची ऐपत असेल तर गोष्ट वेगळी. वकिलाला पहिल्याच भेटीत पॉलिसीची मर्यादा शोधायला सांगा.

पुष्कळ पॉलिसींत पाहुण्यांच्या औषधोपचारासाठी एक छोटा भाग असतो, साधारण १,००० ते ५,००० डॉलर. दोष कोणाचा हे न पाहता तो मिळतो. तो घेण्यासाठी सहसा मुख्य दावा सोडावा लागत नाही, पण सोबतचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

तडजोड ठरली की विमा कंपनी एक मुक्तिपत्र पाठवते. त्यात पैसे मिळाले, आता कसलाही दावा उरला नाही, असं लिहिलेलं असतं. काकांनी वेगळा दावा केलेला नसला तरी त्यावर दोघांची सही मागतात. काकूंनी एकटीनं सही केली तर काकांचा दावा जिवंत राहू शकतो, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. म्हणून 'औपचारिकता आहे' म्हणून पुढे केलेल्या त्या दुसऱ्या सहीच्या जागी काकांचा हक्क असतो. सही जरूर करा, पण त्या हक्काचे किती पैसे धरलेत हे विचारून.

कराबद्दल : शारीरिक इजेतून आलेली भरपाई अमेरिकेच्या संघीय आयकरातून वगळलेली आहे, आणि त्यात जोडीदाराची सहवास-हानीही येते. दंडात्मक भरपाई आणि व्याज मात्र करपात्र.

'नात्याची किंमत लावणं शोभतं का?'

हा आक्षेप मनापासून येतो, आणि त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवं. न्यायालय किंमत प्रेमाची लावत नाही. तुटलेला पाय परत देता येत नाही म्हणून कायदा पैसे देतो, तसंच हे. दुसरं काही देण्याची त्याची ताकद नाही. 'अशोभनीय' म्हणून हा दावा सोडला, तर फायदा विमा कंपनीचा होतो आणि भार मुकाट्यानं सोसणाऱ्या माणसाची कुठेच दखल घेतली जात नाही. बहुधा ती बायको असते, कारण जखमी नवऱ्याची उस्तवार हे आपण तिचं कर्तव्यच मानतो.

'शेजाऱ्यावर दावा करून वैर का घ्यायचं?'

दाव्यात नाव शेजाऱ्याचं असतं, कारण विमा कंपनीला थेट प्रतिवादी करता येत नाही. पैसे आणि वकील मात्र कंपनी देते. पॉलिसीचे हप्ते शेजारी याचसाठी भरतो. त्याला आधी प्रत्यक्ष भेटून हे समजावून सांगितलं तर कटुता खूप कमी होते.

'घरातलं सगळं चव्हाट्यावर येईल का?'

काही भाग येईल, हे लपवून उपयोग नाही. हा दावा केला की लग्न कसं चाललं होतं हे विचारण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. आधी कधी वेगळे राहिलात का, समुपदेशन घेतलं का, शरीरसंबंध किती होते आणि आता काय. बंद खोलीत, शपथेवर, दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात. शरीरसंबंधाचा भाग दाव्यातून वगळता येतो आणि उरलेला दावा टिकतो. साठी-सत्तरीतल्या जोडप्यांना हा मार्ग सोसवतो. नातं आधीच ताणलेलं असेल तरी दावा बाद होत नाही, रक्कम कमी होऊ शकते. पण ते ताण झाकून 'आमचं कधी भांडणच झालं नाही' असं सांगितलं आणि उघडं पडलं, तर काकूंच्या दाव्यावरचाही विश्वास जातो.

माझं मत सरळ आहे. किरकोळ चावा, आठ दिवसांत बरी झालेली जखम असेल तर हा दावा लावू नका. मिळेल थोडं, उघडं पडेल पुष्कळ. कायमची इजा, चेहऱ्यावरचा व्रण, हाताचं काम जाणं, महिनोन्‌महिने टिकणारी भीती असेल तर जरूर लावा, आणि लावण्याआधी दोघांनी एकत्र बसून ठरवा.

'व्हिसाचं काही होईल का?'

२०१७ पासून कॅलिफोर्नियाच्या पुरावा संहितेनुसार शारीरिक इजेच्या दिवाणी खटल्यात कुणाचं इमिग्रेशन स्टेटस पुरावा म्हणून येऊ शकत नाही, आणि त्याची चौकशीही करता येत नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या काका-काकूंनाही हे संरक्षण आहे.

दुसऱ्या राज्यात राहत असाल तर

वर सांगितलेलं सगळं कॅलिफोर्नियाचं. न्यू जर्सीतही चाव्याला मालक थेट जबाबदार असतो, आणि तिथले वकील जोडीदाराच्या दाव्याला 'पर क्वॉड' म्हणतात. कागदावर तो शब्द दिसला तर गोंधळू नका. न्यूयॉर्कमध्ये २०२५ च्या एप्रिलपर्यंत कुत्रा आधीपासून चावरा होता आणि मालकाला ते माहीत होतं, हे दाखवल्याशिवाय सहसा काही मिळत नसे. आता तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं हलगर्जीपणाचाही दावा खुला केला आहे. वॉशिंग्टन डीसीच्या आसपास तर पोटोमॅक नदी ओलांडली की कायदा बदलतो. डीसीत दावा आहे, मेरीलँडमध्ये तो नवरा-बायकोनं एकत्रच मांडावा लागतो, आणि व्हर्जिनियात जोडीदाराच्या सहवास-हानीचा दावा मुळात मान्यच नाही.

भारतात असं काही आहे का?

कल्पना आहे, पण तिची वाट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१७ च्या प्रणय सेठी निकालात रस्ते अपघातातल्या मृत्यूसाठी साहचर्याची भरपाई ४०,००० रुपये ठरवली, आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली. त्यानुसार ती आधी ४४,००० आणि मग ४८,४०० झाली. २०१८ च्या मॅग्मा निकालानं हा हक्क जोडीदारापुरता न ठेवता मुलांना आणि आई-वडिलांनाही दिला. म्हणजे कॅलिफोर्नियानं मुलाला जे नाकारलं, ते आपल्या न्यायालयानं दिलं.

पण या निकालांचा पाया अपघाती मृत्यू हा आहे. माणूस जगला आणि जायबंदी झाला, तर २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकालात भरपाईचे जे प्रकार सांगितले आहेत, ते सगळे जखमी माणसाचे स्वतःचे आहेत. त्यात जोडीदाराचं वेगळं खातं नाही. कुत्र्याच्या चाव्यासाठी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये असा हिशेब घालून दिला. तो त्या न्यायालयाच्या हद्दीतला आहे, महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, आणि त्यातही मोजमाप जखमेचंच आहे. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत निष्काळजी मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होऊ शकतो. त्यात ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, पण ती भरपाई नव्हे.

म्हणून हाच चावा काकूंना पुण्यात झाला असता, तर काकांच्या संध्याकाळच्या फेरीचं नुकसान काकूंच्याच दिवाणी दाव्यात मांडावं लागलं असतं. 'जगण्याच्या सुखसोयी गमावल्या' या सदराखाली, काकूंच्या तोंडून आणि काकांच्या साक्षीनं : हात आता काय करू शकत नाही, घराबाहेर पडणं किती थांबलं, झोप कशी गेली, तारखांसह. नोंदीची वही तिथेही तीच लागते.